पाहुण्या पाखरांची साक्ष

पवईचा तलाव वर्षातून दोनचार वेळाच वर्तमानपत्रांत डोकावतो. पावसाळ्यात तो भरून वाहू लागला म्हणजे एक बातमी होते. जलपर्णीने तो झाकून गेला म्हणजे दुसरी. आणि एखादी मगर काठावर ऊन खात पडलेली दिसली म्हणजे तिसरी. याखेरीज अधूनमधून एक चौथी बातमी येते. या मुलखात सहसा न आढळणारा, कोठल्याशा दूरदेशीचा पक्षी मुंबईच्या एखाद्या पाणवठ्यावर दिसल्याची ती बातमी असते. तिच्यासोबत एक सुंदर छायाचित्र असते, पाहणाऱ्याला झालेल्या हर्षाचे वर्णन असते, आणि बहुधा शेवटी एक निष्कर्षही असतो. पक्षी आला, त्याअर्थी पाणवठ्याची प्रकृती उत्तम आहे, असा हा निष्कर्ष. तो ऐकावयास गोड असला, तरी मुळातच चुकीचा आहे. आणि पाणवठ्याच्या दृष्टीने घातकही आहे.

दरवर्षी ठरल्या वेळी येणारा पाहुणा पक्षी आणि वाट चुकून आलेला पक्षी यांत भेद करावयास हवा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके, धोबी, तुतारी हे पहिल्या प्रकारचे. त्यांची वाट ठरलेली, मुक्काम ठरलेला. दुसऱ्या प्रकारचा पक्षी मात्र आपल्या नेहमीच्या मार्गापासून शेकडो, कधी हजारो मैल बाजूला पडलेला असतो. पहिल्याच वर्षी स्थलांतराला निघालेल्या पिलाची दिशा चुकते, किंवा वादळी वारे त्याला ओढून नेतात. खोल समुद्रावर आयुष्य काढणारे बूबी आणि फ्रिगेट यांसारखे पक्षी मोसमी वाऱ्यांच्या तडाख्यात सापडून मुंबईच्या किनाऱ्यावर थकलेल्या अवस्थेत येऊन पडतात, ते याच कारणाने. असा थकलेला जीव खाली दिसेल त्या पाण्यावर उतरतो. ते पाणी स्वच्छ आहे की सांडपाणी मिसळलेले आहे, याची निवड करण्याची त्याची अवस्था नसते. त्याचे येणे वाऱ्याविषयी आणि दिशांविषयी काही सांगते. तलावाच्या आरोग्याचा दाखला म्हणून ते फडकविण्यात अर्थ नाही.

मग या वाट चुकलेल्या पाखरांच्या नोंदी ठेवाव्यात तरी कशाला? त्याचे उत्तर असे की, एका नोंदीला फारशी किंमत नसली तरी शंभर वर्षांच्या नोंदींना असते. आज जो चुकार पाहुणा वाटतो, तो उद्या नेमाने येऊ लागेल. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांचेच पहा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून ते तेथे हजारोंनी उतरू लागले. त्यापूर्वी हा देखावा मुंबईकरांच्या नित्य परिचयाचा नव्हता. २०१५ साली खाडीचा तो भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आज शाळकरी मुलांना वाटते की, रोहित पक्षी येथे पहिल्यापासूनच येत असावेत. तसे नव्हते, हे आपल्याला कळते ते केवळ जुन्या लोकांनी वह्या लिहून ठेवल्या म्हणून.

या वह्यांची परंपरा मुंबईला नवी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी केली. त्यांत सहा इंग्रज होते आणि दोघे आपल्यापैकी: प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले आणि त्यात लहानसहान टिपणांना मानाचे स्थान मिळाले. कोणी कोठे, कोणत्या दिवशी, काय पाहिले, एवढेच त्यांत असे. लिहिणारे सगळेच पंडित नव्हते. सैन्यातले, जंगल खात्यातले, मुलकी नोकरीतले लोक आपल्या फुरसतीत ही टिपणे करीत. पुढे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टी बेटातील पक्ष्यांची सविस्तर यादी याच नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध केली. १९४१ साली ती पुस्तकरूपाने आली. विहार, तुळशी, पवई ज्या साष्टीत येतात, तिच्या पक्ष्यांविषयी आज कोणालाही बोलावयाचे झाले, तर आरंभ या यादीपासूनच करावा लागतो.

परंतु वहीदेखील खोटे बोलू शकते. दुर्मीळ पक्ष्यांच्या इतिहासातील हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तो सांगावयास हवा, कारण त्याची सर्वांत मोठी किंमत महाराष्ट्राने मोजली आहे.

आधी विलायतेतले एक उदाहरण. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज गावाच्या आसपास १८९२ ते १९३० या काळात वाट चुकलेल्या पक्ष्यांची जणू लयलूट झाली. देशात इतरत्र कधी न दिसलेले पक्षी याच टापूत मारले जात, आणि त्यांतील पुष्कळसे जॉर्ज ब्रिस्टो नावाच्या एकाच, पेंढा भरणाऱ्या कारागिराच्या दुकानात येत. संग्राहक मंडळी अशा नमुन्यांना चांगली किंमत देत. शंका घेणारे तेव्हाही होते, पण उलगडा झाला तो १९६२ साली. एका संख्याशास्त्रज्ञाने या टापूतल्या नोंदी शेजारच्या टापूंशी आणि नंतरच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा एवढे योगायोग घडणे अशक्य आहे असे दिसून आले. ब्रिटनच्या अधिकृत यादीतून २९ जाती-उपजाती एका फटक्यात काढून टाकाव्या लागल्या. यातली गंमत अशी की, त्यांतील बऱ्याच जाती पुढे ब्रिटनमध्ये खरोखरच आढळल्या आणि रीतसर पुराव्यानिशी यादीत परत आल्या. म्हणजे विधान पुढे खरे ठरले, तरी साक्ष मात्र खोटीच राहिली.

आपल्याकडचे प्रकरण याहून गंभीर आहे. ते वाट चुकलेल्या पक्ष्याचे नव्हे. येथे पक्षी आपल्या घरीच होता, वाट चुकले ते त्याला शोधणारे. हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. आपल्या ओळखीच्या, जुन्या वाड्यांत आणि आंब्याच्या ढोलीत राहणाऱ्या पिंगळ्याचा हा जंगलातला भाऊबंद. त्याच्या डोक्यावर पिंगळ्यासारखे ठिपके जवळजवळ नसतात, चोच आणि डोके अधिक भक्कम असते, पोट पांढरे असते, आणि तो भर दिवसाही उजाड फांदीवर बसलेला दिसतो. १८७२ सालच्या डिसेंबरात ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या प्रदेशात त्याचा पहिला नमुना मिळविला आणि पुढल्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लूइटचे नाव दिले.

हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेमुळे शाळेच्या पुस्तकात भेटतात तेच. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहावा म्हणून त्यांनी कित्येक वर्षे टिपणे जमविली होती. सिमल्याच्या घरातून ती एका नोकराने चोरली आणि बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. ह्यूम यांचे मन पक्षिशास्त्रातून उडाले ते कायमचे. आपला पाऊण लाखाहून अधिक नमुन्यांचा संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. नोंदींचे मोल ठाऊक नसलेल्या हाती नोंदी पडल्या म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

ह्यूम यांच्यानंतर रानपिंगळ्याचे नमुने मिळविले ते मुख्यतः जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने, १८८०च्या दशकात, पश्चिम खानदेशातून, सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलखातून. १८८४ नंतर मात्र पक्षी जणू नाहीसा झाला. जगातील संग्रहालयांत त्याचे अवघे सात नमुने उरले. त्यांतील एक तेवढा विसाव्या शतकातला. १९१४ सालच्या ऑक्टोबरात गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवी येथे तो मिळाल्याची चिठ्ठी त्याला बांधलेली होती, आणि चिठ्ठीवर नाव होते कर्नल रिचर्ड माइनरत्सहागन यांचे.

हा गृहस्थ साधासुधा नव्हता. सेनाधिकारी, हेर, प्रवासी, पक्षिशास्त्रावरील जाड ग्रंथांचा कर्ता. १९३७ साली सालिम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. १९५४ साली त्याने आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. त्याच म्युझियमने परवानगीवाचून नमुने नेल्याबद्दल १९१९ साली त्याला पक्षिविभागात अठरा महिने येण्यास मनाई केली होती, ही गोष्ट कौतुकाच्या भरात कोणी आठवली नसावी. बड्या माणसाच्या शब्दावर चिठ्ठी खरी मानली गेली, आणि विसाव्या शतकात रानपिंगळा शोधू निघालेल्यांना वाट दाखविणारी चिठ्ठी हीच ठरली.

ती चिठ्ठी खोटी होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हे सप्रमाण दाखवून दिले. प्रत्येक कारागिराची कातडे शिवण्याची आणि आत कापूस भरण्याची एक ढब असते. हस्ताक्षरासारखी ती ओळखू येते. मांडवीच्या म्हणविलेल्या नमुन्यावर नवी शिलाई होती, पण तिच्याखाली डेव्हिडसनची जुनी ढब लपलेली होती. म्युझियममधून डेव्हिडसनचा नमुना चोरावयाचा, तो उसवून पुन्हा भरावयाचा, वर आपले नाव, नवे गाव आणि नवी तारीख चिकटवावयाची आणि पुढे तोच म्युझियमला दान करावयाचा, असा हा व्यवहार होता! चोरीचा माल ज्याचा त्यालाच परत करून वर दातृत्वाचा मान घेण्याची ही तऱ्हा आपल्या सार्वजनिक जीवनात अगदीच अपरिचित आहे असे नव्हे. पण पक्ष्यांच्या बाबतीत ती इतक्या सफाईने क्वचितच वापरली गेली असेल.

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्याबरोबर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, खऱ्या नमुन्यांवर लिहिलेली ठिकाणे तेवढी प्रमाण मानली आणि तेथे शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी तो पुन्हा माणसाच्या नोंदीत आला. डेव्हिडसनने सांगितलेल्या मुलखातच तो पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. तेथल्या आदिवासींना त्याचा आवाज परका नसणार. पण त्यांना विचारावयास शास्त्र फारसे गेले नाही, ही या कथेतली आणखी एक उणीव.

मधल्या काळात सातपुड्याचे रान किती तुटले, याचा विचार करता या खोटेपणाची किंमत लक्षात येते. जो पक्षी नामशेष झाला असे मानले जाते, त्याच्यासाठी कोणी जंगल राखून ठेवीत नाही.

पुढे शोध सुरू झाला तो योग्य रीतीने. तोरणमाळ, मेळघाट येथे रानपिंगळा सापडला. आणि २०१४ सालच्या ऑक्टोबरात तो सापडला तानसा अभयारण्यात, मुंबईपासून अवघ्या शंभर किलोमीटरच्या आसपास! सातपुड्याचा म्हणून ज्याची ख्याती, तो पक्षी सह्याद्रीच्या बाजूला निघाला. येथे पवईच्या वाचकाने क्षणभर थांबावे. विहार १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये, पवई १८९१ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये पुरा झाला. हे चारही तलाव मुंबईची तहान भागविण्यासाठीच बांधले गेले. पवईचे पाणी लवकरच पिण्यास अयोग्य ठरले आणि त्याच्या भोवतीचे राखण सुटले. तानशाचे पाणी आजही मुंबईच्या नळांना येते, म्हणून त्याच्या भोवतीचे रान राखले गेले. त्या रानात जे इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, ते शोधावयास कोणी मोहीम काढली नव्हती. दोघा निरीक्षकांनी नीट पाहिले, छायाचित्र घेतले, जाणत्यांना दाखविले आणि प्रसिद्ध केले.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ई-बर्डसारख्या साधनांनी कारकुनाची किंवा विद्यार्थ्याची नोंद घटकाभरात जगाच्या नोंदवहीत जाते, आणि दुर्मीळ पक्ष्याची नोंद केली की तपासनीस पुरावाही मागतो. हे चांगलेच झाले. परंतु कॅमेऱ्याबरोबर नवे मोह आले आहेत. पूर्वी संग्राहकाच्या पैशासाठी खोटे नमुने निघत; आता वाहवेसाठी घाई होते. दुसऱ्या गावी काढलेले छायाचित्र आपल्या तलावाचे म्हणून खपविणे कठीण राहिलेले नाही. याहून वाईट म्हणजे खरी नोंददेखील पक्ष्याच्या जिवावर उठू शकते. ठिकाण जाहीर होताच दुसऱ्या पहाटे कॅमेऱ्यांची रांग लागते, आणि पक्ष्याने तोंड वळवावे म्हणून ध्वनिमुद्रित साद वाजविली जाते. थकून उतरलेल्या पाखराला विश्रांती हवी असते. घरट्यावरच्या पाखराला निर्भयता. तेव्हा दुर्मीळ पक्ष्याची नोंद तपासणाऱ्यांकडे तत्काळ जावी, पण घरट्याचा ठावठिकाणा चारचौघांत सांगितला जाऊ नये, एवढा विवेक पाळण्यास कायदा कशाला हवा?

आणि दुर्मिळाचा हा सोस सोडून आपण नित्याच्या पक्ष्यांकडे कधी पाहणार? गिधाडांचे काय झाले ते आठवावे. १९८०च्या दशकात गिधाडे इतकी होती की, ती मोजावीत असे बहुतेकांना वाटले नाही. राजस्थानातील भरतपूरला सोसायटीचे विभू प्रकाश ती मोजीत होते, म्हणून १९८०च्या मध्यापासून दहाबारा वर्षांत तेथील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे सिद्ध करता आले. पुढे २००४ साली जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधावर त्याचे खापर पुराव्यानिशी फोडता आले, आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. एका ठिकाणची कंटाळवाणी मोजणी नसती, तर गिधाडे गेली हे सर्वांना कळले असते. केव्हा आणि किती, हे कोणाला सांगता आले नसते.

पवईला हाच प्रश्न लागू आहे. तलावाच्या काठाने सायकल आणि धावण्याचा मार्ग बांधण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, तेव्हा तेथल्या आय.आय.टी.चे विद्यार्थी आणि एक पर्यावरण संस्था न्यायालयात गेली. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवून काढून टाकण्याचा आदेश दिला. पाणथळ जागांसंबंधीच्या २०१७च्या नियमांचा आधार त्यामागे होता. त्या वादात मगरी आणि पाणपक्षी यांचे नाव वारंवार निघाले. असा वाद पुन्हा उद्भवणार नाही असे मानणे भोळेपणाचे होईल, कारण मुंबईत मोकळे पाणी दिसले की त्यावर कोणाची ना कोणाची योजना तयार असते. त्या वेळी एखाद्या वाट चुकलेल्या परदेशी पक्ष्याचे छायाचित्र फार कामास येणार नाही. तो तर एकदाच आला होता, असे उलट बाजूचा वकील म्हणेल, आणि ते खरेच असेल. उपयोगी पडेल ती वीस वर्षांची यादी: कोणत्या महिन्यात किती वारकरी, किती अडया, किती पाणकावळे.

कमळपक्ष्याचेच घ्या. लांब बोटांनी पानांवरून चालणारा हा पक्षी पावसाळ्यात तरंगत्या वनस्पतींवर घरटे करतो आणि अंडी उबवितो तो नर. जलपर्णी तलावाचा गळा आवळते, म्हणून ती काढलीच पाहिजे. पण ती काढणारी यंत्रे नेमकी विणीच्या महिन्यांत कोठे चालतात, याचा हिशेब ज्याने ठेवावयाचा त्याच्याकडे घरट्यांची नोंद आहे काय? सांडपाणी तलावात येणे बंद झाल्याशिवाय जलपर्णी हटणार नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. ते होईपर्यंत निदान काढणीचे वेळापत्रक पक्ष्यांच्या मोजणीशी जुळवून घेण्यास फारसा खर्च येणार नाही.

हे काम सोसायटीच्या शास्त्रज्ञांवर सोडून भागणार नाही. ते प्रत्येक तळ्यावर रोज जाऊ शकत नाहीत. पवई, भांडुप, विक्रोळी येथल्या शाळांत निसर्गमंडळे आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत, आणि सकाळी तलावाकाठी फिरावयास जाणारे निवृत्त शिक्षक व कारकून तर शेकड्यांनी आहेत. महिन्यातून एक ठरलेला रविवार, काठावरच्या ठरलेल्या तीनचार जागा आणि ठरलेला एक तास, एवढे पुरे आहे. वहीत तारीख, वेळ, जागा, हवा, पाहणाऱ्याचे नाव, जात आणि संख्या लिहावी. काही दिसले नाही तर तेही लिहावे. ओळख पटली नाही, तर पक्ष्याचे वर्णन तेवढे करावे, नाव घालण्याची घाई करू नये. पक्षी अनोखा वाटला तर दुसऱ्या माणसाला बोलावून दाखवावा आणि त्याची वेगळी नोंद घ्यावी. वहीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक महापालिकेच्या विभाग कार्यालयात ठेवण्याची सोय आयुक्तांनी एका परिपत्रकाने करून द्यावी. हिवाळी पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उतरू लागतात. पहिल्या रविवाराची तारीख त्याआधीच ठरली पाहिजे.